शेपूट येईपर्यंत

आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांत नियम एकच होता, आणि तो आबांनी घातलेला होता. सगळ्यात मागे चालणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटाचं काम एवढंच, की आपल्या मागे कुणाला राहू द्यायचं नाही. कुणाची चेन उतरली, कुणाचं पंक्चर झालं, कुणाला उसाच्या आडोशाला जाऊन यायचं झालं, की शेपूट थांबायचं. आणि टपरीवर शेपूट पोचल्याशिवाय चहा सांगायचा नाही, मग पुढे आलेल्यांनी कितीही कुडकुडत बसावं. आबा म्हणायचे, "कळप कुठवर आलाय ते म्होरच्या मेंढीला इचारायचं न्हाय, मागच्या लंगडीला इचारायचं."

आबा म्हणजे रिटायर झालेले जनावरांचे डॉक्टर. मूळचे काटेवाडीचे, राहायला बारामतीत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी काळ्या साध्या सायकलीवर, कॅरिअरला औषधांची पेटी बांधून काढली होती. साठीनंतर पोरीनं हट्टानं गिअरची सायकल घेऊन दिली आणि त्यांनी आम्हा चार-सहा जणांना रविवारी पहाटे घराबाहेर काढलं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, कॉलेजच्या वर्कशॉपात पोरांना लेथ शिकवणारा. हातात पाना धरता येतो म्हणून गटातल्या सगळ्या सायकलींची दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली आणि आबा मला मेस्त्री म्हणायला लागले. काटेवाडीतून जाताना त्यांना कुणीतरी हात करायचंच. गाय खात न्हाय, म्हैस उलटतीय, गाभ ऱ्हात न्हाय. आबा एक पाय जमिनीवर टेकवून ऐकून घ्यायचे, वासराची जीभ बघायचे आणि मग निघायचे. त्यामुळे शेपूट बहुतेक तेच असायचे. त्यांच्याबरोबर रेंगाळायला मला आवडायचं, हे मी तेव्हा कधी बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, गळीत हंगाम नुकता सुरू झालेला. सणसरच्या अलीकडे रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला होता. त्या दिवशी आबांच्या मागे मी होतो. समोर सपाट डांबर, ना खड्डा ना खडा. एकाएकी त्यांची सायकल डावीकडे कलली, सावरली आणि उजवीकडे पडली. शेजारून ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक त्यांच्या डोक्यापासून हातभरावरून गेलं. मी सायकल टाकून धावलो. आबा उठून बसले, कोपरावरची माती झटकली आणि म्हणाले, "खडा आला वो चाकाखाली." मी मागं जाऊन रस्ता पाहिला होता. खडा नव्हता. पण मीही मान हलवून म्हणालो, "होय, खडाच."

सायकल त्याच दिवशी माझ्या घरी आली. फार काही झालं नव्हतं. मागचा गिअर ज्या बोटभर तुकड्यावर टांगलेला असतो, तो वाकला होता. हँगर म्हणतात त्याला. घरातल्या फ्यूजसारखं त्याचं काम असतं, स्वतः वाकायचं आणि बाकीची सायकल वाचवायची. प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, म्हणून आबांच्या सायकलीचा एक जादा हँगर मी आधीच आणून ठेवला होता. अर्ध्या तासाचं काम होतं.

ते काम मी करण्याआधी मंगळवारी काकू आल्या. आबांच्या बायकोला आम्ही सगळे काकूच म्हणतो. त्या आमच्याकडे एकट्या कधीच आल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेला टेकल्या, पाणीही घेतलं नाही. "त्यांचा तोल जातोय," त्या म्हणाल्या. "न्हाणीत दोनदा पडलेत. तुमाला सांगितलं न्हाय त्यांनी. डॉक्टर म्हनला गाडी न्हाय, सायकल न्हाय, तर त्यालाच म्हनले, तू मान्सांचा डॉक्टर, मला काय शिकिवतो. मी बोलले की खेकसत्यात. तुमचं ऐकत्याल. तुमी थांबवा त्यांना, भाऊ." मी त्यांना शब्द दिला.

आता, शहाण्या माणसानं काय केलं असतं? आबांच्या घरी जाऊन समोर बसला असता आणि म्हणाला असता, आबा, आता बास. तुम्ही पडलात ते मी पाहिलंय, खडा नव्हता. फार तर त्यांनी शिव्या घातल्या असत्या, महिनाभर अबोला धरला असता. पण मला ते जमलं नाही. तोंडावर वाईट बोलायची वेळ आली की मी शेपूट घालतो, ही माझी जुनी खोड. नवा हँगर मी वर्कशॉपातल्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि आबांना फोनवर सांगितलं, "पार्ट पुण्याहून यायचाय. वेळ लागेल."

मग दर गुरुवारी संध्याकाळी फोन यायचा. रविवारच्या आधी दोन दिवस हाताशी राहावेत, असा त्यांचा हिशेब. "मेस्त्री, आलाय का वो पार्ट?" नाही आबा, दुकानदारानं चुकीचा पाठवला. नाही आबा, कंपनीनं तो बनवायचा बंद केलाय. नाही आबा, आता बाहेरच्या देशातून मागवलाय. एक खोटं उभं करायला दहा खोटी टेकू लावावी लागतात म्हणतात, ते खरं आहे. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "असूं द्या, असूं द्या. तुमी तरी काय करणार." त्यांच्या त्या समजूतदारपणाचा मला राग यायचा. संशय घेतला असता तर बरं वाटलं असतं. सायकल माझ्या घराच्या मागच्या पडवीत, चाकं काढून, जुन्या चादरीखाली होती. बायको एकदा म्हणाली, ही चादर बघितली की घरात मयत झाल्यासारखं वाटतं. मी तिच्यावर ओरडलो.

आणि एक गोष्ट सांगायची राहते, तीच सगळ्यात वाईट आहे. आबा नसताना आमच्या राइड्स छान व्हायला लागल्या. कुणासाठी थांबायचं नाही, कुठल्या म्हशीची जीभ बघायची नाही. गटात दोन-तीन नवे आले होते, चाकाला चाक लावून पळणारे. मोबाइलवरचं ॲप दर रविवारी सांगायचं, की आपण गेल्या वेळेपेक्षा जोरात आलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत. शेपूट कोण, हे ठरवायचंही आम्ही हळूहळू सोडून दिलं. सगळे एकदमच पोचायचे, चहा लगेच यायचा. काकूंना दिलेला शब्द पाळतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे, मला आबांशिवाय बरं वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कळंबची राइड ठरली. जायचे तीस-बत्तीस किलोमीटर. गटाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर मेसेज पडला. त्या ग्रुपवर आबा होते, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पहाटे तीन हत्ती चौकात जमलो आणि हायवेनं सुटलो. जंक्शन गावापर्यंत वारं पाठीवर होतं. कळंबच्या टपरीवर पोचलो तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. चहा झाला, भजी झाली, फोटो झाले, आणि ऊन चढायच्या आत आम्ही परत फिरलो. ती राइड आमची आजवरची सगळ्यात वेगवान. घरी आल्यावर मी तो आकडा बायकोला दोनदा सांगितला.

त्यानंतरच्या गुरुवारी आबांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, आबांनी मनातून काढून टाकलं असेल, वयच तसं आहे. त्यांच्या गल्लीवरून जायचं मात्र मी टाळत होतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

महिन्याभरानं पुन्हा कळंबला गेलो. टपरीवाल्या मावशींनी मला बाजूला बोलावलं. चहाच्या पावडरीच्या डब्यामागून प्लास्टिकची लहानशी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "तुमचंच हाय ना? मेस्त्रीला द्या म्हनले. मागच्या खेपेला तुमी गेला आन् मागनं आलते, पांढऱ्या मिश्यांचं आबा."

पिशवीत हँगर होता. नवा कोरा, दुकानाच्या चिकटपट्टीसकट. अगदी त्यांच्याच सायकलीचा.

मी मावशींना विचारलं, आले कशावर? "काळ्या सायकलीवर, कॅरिअरवाल्या. कालव्याच्या भरावानं आलते. बायकूला बोलले म्हनं, मोठ्या रस्त्यावर जानार न्हाय म्हनून. पाक चिखलानं माखलेलं वो, गुडघ्यापतूर." म्हणजे आम्ही हायवेनं वाऱ्यासारखे जात होतो तेव्हा आबा खालच्या अंगाला, कालव्याच्या मातीतून, तीस-बत्तीस किलोमीटर ती जड सायकल रेटत होते. आमच्या कितीतरी आधी निघाले असणार. आपल्यासाठी कुणाला थांबायला लागू नये म्हणूनच निघाले असणार.

"काही म्हणाले का?"

"मान्सं येऊन गेली का म्हनले. म्हनलं, गेली की मघाच. मग तितंच बाकड्यावर बसले. गेलास धुवायचे पडले होते तुमचे, त्याकडं बघत. मी म्हनलं चहा टाकू का, तर न्हाय म्हनले. मला म्हनले, शेवटी कोन आलं वो त्यांच्यातलं? आता मला काय ठावं. म्हनलं, समदी एकदमच आलती." मावशींनी कपाळावरचा घाम पुसला. "दुधाच्या गाडीत सायकल टाकून दिली मग त्यांची. मला म्हनले, सांगू नका. पन ही पिशवी द्यायची म्हंजी सांगायलाच लागनार की."

परत येताना मी सगळ्यांच्या मागे राहिलो. चाळीस वेळा तरी मागे वळून बघितलं असेल. मागे कुणी नव्हतं.

नंतर कळलं, आबांनी पुण्यातल्या भाचीला फोटो पाठवला होता. ती पहिल्याच दुकानात गेली आणि पहिल्याच दुकानात हँगर मिळाला. दुकानदार म्हणाला, हा तर कायम असतो. म्हणजे कळंबला निघण्याआधीच आबांना सगळं कळलेलं होतं. कळूनही ते आले होते.

कळंबहून पिशवी घेऊन परतलो त्या संध्याकाळी मी सायकल चादरीखालून काढली. ड्रॉवरमधल्या हँगरला हात लावायची लाज वाटली, आबांनीच आणलेला बसवला. चाकं चढवली, गिअर लावले, चेनला तेल दिलं. अर्ध्या तासाचं काम, अर्ध्या तासात झालं. पाच महिने मी जे करत नव्हतो ते एवढंसं होतं. दुसऱ्या दिवशी सायकल हातात धरून चालत आबांच्या घरी गेलो. चालवत न्यायचं धाडस झालं नाही.

आबा ओट्यावर बसले होते. कानटोपी घातलेली, हाताशी काठी. काठी मी पहिल्यांदाच बघत होतो. सायकल बघून ते हसले. बसूनच मागचं चाक उचलायला लावलं, पेडल फिरवलं, एकेक गिअर टाकून कान देऊन ऐकलं, जसे म्हशीच्या पोटाला कान लावून ऐकायचे. "झ्याक," म्हणाले. "आवाज न्हाय कसला." दारातून काकू माझ्याकडे बघत होत्या. मी शब्द मोडला, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायची माझी छाती झाली नाही.

"आबा, माझं चुकलं," मी म्हणालो. पुढे बरंच बोलायचं ठरवून गेलो होतो. काकूंचं नाव न घेता कसं सांगायचं, हेही वाटेत पाठ केलं होतं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"पार्टाचं सोडा वो. हिनंच सांगितलं आसंल तुमाला, मला काय कळत न्हाय व्हय. तोल जातोय माझा. मीबी खडा खडाच म्हनत ऱ्हायलो." त्यांनी चाकाकडे बघितलं. चाक अजून फिरत होतं. "येक इचारू? त्या दिशी कळंबला शेपूट कोन होतं?"

"कुणीच नव्हतं, आबा."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला पुढचे सगळे रविवार सोपे गेले असते. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच ब्रेकची तार चाचपायला लागलो.

"ही भाचीला द्यायची," सायकलीवर हात ठेवून ते म्हणाले. "नेईल ती पुण्याला. मी आता न्हाय बसत." काकू दारातच उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून आत वळल्या. ज्यासाठी त्या माझ्याकडे आल्या होत्या ते झालं होतं, आणि ते ऐकून त्यांनाच उभं राहवेना. मी उठायला लागलो, तर आबांनी काठीनं ओट्यावरची जागा दाखवली.

"बसा. जायचंय कुठं." मग आत बघून त्यांनी हाक दिली, "अगं ये, चहा टाक आता. शेपूट आलं."