उजव्या गुडघ्यात देवाचं, डाव्यात डॉक्टरांचं

गुडघ्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. काठी टेकत तेच येतात आणि बाकावर बसून राहतात. पेडण्यातल्या आमच्या दवाखान्यात सकाळपासून एकच प्रश्न: "बाय, खंयचा इंजेक्शन बरा?"

इंजेक्शनं तीन. स्टेरॉइड लवकर गुण देतं, पण लवकर ओसरतं. जेल सावकाश काम करतं. तिसरं आपल्याच रक्तातून काढलेलं, पीआरपी. कुणाला कुठलं लागू पडेल, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. हे सांगून सांगून मी इतकी दमलेय की झोपेत विचारलं तरी सांगेन!

मोरजीच्या एका मासळीवालीनं पीआरपीचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रगात माजा, गुडघो माजो. मगे तुमचा काय?"

डॉक्टर म्हणाले, "सुई!"

डिचोलीचे एक काका. जन्मभर खनिजाचा ट्रक चालवला. जेलला ते ग्रीसच म्हणतात. दुसऱ्या खेपेला टेबलावर आडवे होऊन मला विचारतात, "आदलो ग्रीस पुसून काडलास मां?"

मी "हो" म्हणून मोकळी झाले. वाद घालायलाही अंगात बळ लागतं.

तुयेची एक बाई तर शेजारणीचं नाव सांगतच आत आली. "तिका गुण इलो. तिच्या बाटलेत उरला आसात तर ताच घाला!"

आणि हळर्णच्या शेवंतीकाकी. धालो, म्हणजे बायकांचा नाचगाण्यांचा उत्सव, आठ दिवसांवर आलेले. गावच्या मांडावर, त्या ठरलेल्या अंगणात, बायकांच्या दोन ओळी नाचतात, त्यातली एक ओळ काकी कित्येक वर्षं पुढे नेतात. "औंदा बसान रवलंय तर माका परत कोण उठयतली नाय," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला फार वाईट वाटलं.

पण काकी देवळात कौल लावूनच आल्या होत्या. एकेका इंजेक्शनच्या नावानं देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या, जेलची पाकळी पडली. झालं!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "जेलचा गुण यायला काही आठवडे जातात, काकी. धालोला नाचायचं तर स्टेरॉइड घ्या."

"देवाक नाय म्हणू?"

अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी उजव्या गुडघ्यात देवाचं जेल, डाव्यात डॉक्टरांचं स्टेरॉइड! डॉक्टर मनातून खूशच झाले. एकाच बाईत दोन्हींची तुलना आयती मिळणार होती. "कुठला गुडघा जास्त बरा, तेवढं लक्षात ठेवा हं," त्यांनी तीनदा बजावलं.

धालो आटोपल्यावर काकी आल्या. डॉक्टर पेन उघडून तयारच.

"बोला काकी, कुठला बरा?"

"पाचय दिवस नाचलंय! सगळ्यांच्या फुडे!"

"ते झालं हो. पण गुडघा कुठला?"

"गुडघे?" काकी धापा टाकत खुर्चीत बसल्या. "ते आज आठवले, तुमचो जिनो चडताना!"