वेड्याची बोली

यासुझो कामाडा जपानच्या उत्तरेकडच्या आकिताच्या डोंगरातला. पोरवयात तोक्योला आला, तेव्हा नूडलच्या दुकानात त्याने तोंड उघडलं की गिऱ्हाइकं फिदीफिदी हसत. रेडिओला कान लावून त्याने बोली घासूनपुसून काढली आणि आवाजाचा नट झाला. आता टीव्हीवर लोककथांची चित्रमालिका लागे, तीत त्याला एकच काम मिळे: गावचा वेडा. आणि वेडा बोले आकिताच्या बोलीत. सरदार, भिक्षू, सावकार मात्र शुद्ध तोक्योचे.

त्या हिवाळ्यात आई त्याच्याकडे राहायला आली. जेवताना म्हातारी म्हणाली, "सूनबाई, वाईच मुळ्याचं लोणचं दे की."

सात वर्षांची नात चिएमी टाळ्या पिटत ओरडली, "आजी टीव्हीतल्या वेड्यासारखं बोलते! बाबा, तुमचा वेडा!"

सूनबाईने पोरीला दटावलं. म्हातारीने लोणच्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती जपून, परक्या घरी आल्यासारखी बोलू लागली. "मला थोडा चहा मिळेल का?" सख्ख्या मुलाला! यासुझोच्या अंगाची लाही लाही झाली. राग पोरीवर नव्हता. तो आवाज त्यानेच काढला होता, आणि काढायला लावणारे तिकडे गाद्या उबवत होते.

पुढच्या ध्वनिमुद्रणाला सावकाराचा नट आजारी पडला, म्हणून त्याच्याकडे वेडा आणि सावकार असे दोन्ही आवाज आले. दिवा लागला. त्याचा वेडा स्वच्छ तोक्योच्या भाषेत म्हणाला, "मालक, आईला ताप आहे. मूठभर तांदूळ द्या." आणि सावकार गरजला, "आरं चल हो भाईर! तुझी म्हातारी मेली तर माझं काय जातंय?"

काचेपलीकडून दिग्दर्शक शिगेहारा धावत आला. "कामाडा, डोकं फिरलंय का? उलटं केलंस सगळं!"

"एकाच गावातले दोघं. एकाची बोली गावची, दुसऱ्याची राजधानीची. हे सरळ होतं होय?"

"लोक हसतात रे त्या बोलीला. गंमत आहे."

"मग आज सावकाराला हसू द्या! नाहीतर अख्खं गाव एका बोलीत बोलू द्या."

"जमत नसेल तर दार उघडं आहे."

"माझ्या आईची जीभ भाड्याने मिळणार नाही," असं म्हणून यासुझो निघाला. त्या मालिकेत त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन त्याने सांगितलं, तशी म्हातारी ताडकन उठली. "आरं मुडद्या! हातचा भात लाथाडलास? लेकराला काय खायला घालशील?"

पाठीत धपाटाही बसला. कितीतरी दिवसांनी ती तिच्या बोलीत बोलत होती.

ती कथा दुसऱ्याच नटाच्या आवाजात लागली. वेडा पुन्हा आकिताच्या बोलीत, आणि नटाला तीही धड येत नव्हती. यासुझोने टीव्ही बंद केला. चिएमी रडली, पण त्याने तो लावला नाही.