शेंदराखालची पाटी

दारव्ह्यात माझं मोटारी भरण्याचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. हे काम मला कोणी शिकवलं नाही. भंगारातल्या मोटारी आणून, उसकटून मी ते शिकलो. म्हणून मला कोणी अडाण्यात काढलं की डोकं तापतं. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या नागपूरच्या एका व्यापाऱ्याने नेमकं तेच केलं.

ढाणकीच्या एका काकूंचे यजमान जत्रांमधून खेळ फिरवायचे. ते वारल्यावर त्यांचं एक लांबलचक लाकडी यंत्र गोठ्यात पडून होतं. गुळगुळीत पाट आणि टोकाला लटकणाऱ्या, बाटलीच्या आकाराच्या दहा पांढऱ्या खुंट्या. पाटावरून लोखंडी चकती सरकवायची. ती खुंट्यांखालच्या तारांवरून गेली की खुंट्या वर उचलल्या जातात आणि काचेवर दिव्यांनी गुण दिसतात. मॉलमध्ये पोरं बोलिंग खेळतात, त्याचाच हा जुना प्रकार. काकूंशी मी अर्धा दिवस घासाघीस केली. भाव करण्यात मला बरोबरीचं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

यंत्र टेम्पोने दुकानात आणलं. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या, जळालेल्या कॉइली भरल्या, गंजलेले संपर्क एकेक करून घासले. आतला ट्रान्सफॉर्मर पाहिला तेव्हाच माझी खात्री पटली. तो एकशे दहा व्होल्टचा होता. जत्रेवाले वेगळी पेटी लावून त्याला आपली वीज कमी करून देत असत. म्हणजे यंत्र बाहेरदेशचं. पण कोणत्या कारखान्याचं? जत्रेच्या रंगांचे थरावर थर बसले होते, नाव कुठेच नव्हतं. म्हणून मी त्या व्यापाऱ्याला बोलावलं.

त्याने टिचकी मारून लाकूड पाहिलं आणि चौघांसमोर हसला. "दादा, हे कोण्या सुताराचं कपाट आहे. आत रेडिओचं सामान भरलंय. लाकडाच्या भावात देता का?"

शेजारचा चहावाला म्हणाला, "भाऊ, कपडे तं मावतीन ना यात?"

ट्रान्सफॉर्मरचं मी सांगितलं, पण त्याने ऐकून घेतलं नाही. मी त्याला हातातला चहा पुरा होऊ न देता वाटेला लावलं. महिनाभर बाजाराच्या दिवशी लोक मला कपाटाचा भाव विचारत होते.

यंत्राच्या कडेला, पुढच्या बाजूला, शेंदराचा बोटभर जाड लपका होता. दर दसऱ्याला जत्रेवाले यंत्राची पूजा करत. प्रवासात कुंकू पुसलं जातं म्हणून ते तेलात कालवलेला शेंदूर लावत, दरवर्षी त्याच जागी. मी टोचून पाहिलं तर खाली टणक लागलं. पत्रा होता. छिन्नी हातात घेतली आणि थांबलो. काकूंना फोन केला.

"खरडतं काहून?" त्या म्हणाल्या. "आमच्या बुढ्याच्या हातचा शेंदूर आहे तो. शेंदूर साचला की देवाची खोळ आपसूक सुटते. सुटली तं सुटू दे, नाही तं राहू दे."

"काकू, मले नाव पाह्यचं आहे त्याच्याखालचं."

"मंग थांब ना. तुले कोणत्या गाडीची घाई आहे?"

थांबणं हे माझ्या स्वभावात नाही. तरी छिन्नी ठेवली. भरलेल्या मोटारीचं वॉर्निश वाळवायला आम्ही दोनशे वॅटचा बल्ब जवळ टांगतो, तोच लपक्यासमोर टांगला. तिसऱ्या दिवशी दुपारी कड उचलली गेली आणि अख्खी खोळ माझ्या तळहातावर आली. ती मी नारळासह अडाण नदीत सोडली आणि मगच पाटी पुसली. तेलाने पितळ कालच्यासारखं राहिलं होतं. कारखान्याचं नाव, शिकागो, मॉडेल, क्रमांक. सगळं वाचता येत होतं.

फोटो पाठवला तसा व्यापारी दुसऱ्याच दिवशी हजर झाला. भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "पाटी खरी आहे. पण पाटी कुठूनही आणून लावता येते."

मी पेचकस घेतला. पाटीचे चार स्क्रू सोडवले. पाटीखालचं लाकूड कोरं होतं, त्यावर एकही रंग चढलेला नव्हता, आणि त्यात तोच क्रमांक डागून उमटवलेला होता. त्याने भिंग खिशात घातलं.

"बोला, काय घेता?"

"आधी या चौघांसमोर सांगा, हे काय आहे ते."

तो चहावाल्याकडे बघत हळू म्हणाला, "शिकागोचं बोलिंग मशीन आहे. अस्सल."

"आणि कपाट?"

"नाही. कपाट नाही."

"जरा जोरानं. ह्याले कमी ऐकू येते."

चहावाला म्हणाला, "आलं भाऊ, आलं ऐकू."

मग मी व्यापाऱ्याला भाव करू दिला. तो आकडा वाढवत गेला, मी मान हलवत गेलो, दोनदा चहा झाला. शेवटी त्याने विचारलं, "मग देणार कितीला?"

"देणार नाही," मी म्हणालो. "चालू करून दाखवतो, खेळून जा."

तो न खेळताच गेला. मी चकती सरकवली. दहाही खुंट्या एकदम वर गेल्या. चहावाल्याने गिऱ्हाईक सोडून पुढची पाळी मागितली.