ओळख दाखवायची नाही

पुण्यात माझ्या ओळखीच्या बायका किती असतील, देव जाणे! त्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत, दारू न पिणारे नवरेसुद्धा कसे मारतात ते ऐकलंय. पण रस्त्यात त्यातली एकही मला हाक मारत नाही. मीही मारत नाही. तसा नियमच आहे आमचा.

शनिवार पेठेत दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. घरात मार खाणाऱ्या, नवऱ्याच्या जबरदस्तीनं पिचलेल्या बायका तिथं यायच्या. मी त्यांचं ऐकून घ्यायचे, पोलिसांत, कोर्टात सोबत जायचे. एकदा एक प्राध्यापक बाई संशोधनाला आल्या. माझ्या कपाळाला आठ्या. म्हटलं, आल्या आता जखमांवर प्रश्न विचारायला! पण त्यांनी भलतंच विचारलं: केंद्रातून घरी गेल्यावर काय झालं? कितीतरी जणींनी एकच सांगितलं. बसस्टॉपवर नाहीतर कुणाच्या लग्नात केंद्रातली एखादी ताई भेटली आणि मायेनं म्हणाली, "कशी आहेस गं? आता बरं आहे ना?" झालं! घरी गेल्यावर नवरा विचारणार, "ही कोण? हिला काय काय सांगितलंस?"

आपल्याकडे ओळखीचं माणूस दिसलं आणि विचारपूस केली नाही तर लोक शिष्ट म्हणतात. इथं त्या विचारपुशीपायीच मार बसत होता. मग त्या बाई आणि आम्ही बसून ठरवलं: केंद्रात येणारी कुणी बाहेर भेटली, तर ती आधी बोलल्याशिवाय आपण ओळख दाखवायची नाही. आणि प्रत्येकीशी एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवायचं. अभ्यास संपला, बाई दुसऱ्या गावी गेल्या. नियम राहिला.

मला तो फार जड गेला, खोटं कशाला बोलू? माझे यजमान गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. बाहेर पडावं, तर जिच्याशी तासन्तास बोलले तीच समोरून यायची आणि मी दुकानाच्या पाट्या वाचत उभी. पाट्याही पुण्याच्या, त्याही हिडीसफिडीस करणाऱ्या!

वाघोलीची एक होती, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा जबरदस्ती करायचा, नाही म्हटलं की बदडायचा. "आत्ता नाय निघता येणार, ताई," ती म्हणाली. "पोरगी तान्ही हाय. येळ आली की सांगंन." तिचं खुणेचं वाक्य फॉल-पिकोला दिलेल्या साडीचं. 'साडी आजच नेते' म्हणाली, की तिला घर सोडायचंय. त्यानंतर ती यायचीच बंद झाली. घरातला फोन सासूच्या ताब्यात. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाई जिवंत तरी आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. मी नुसती तळमळत होते.

एका सकाळी ती मंडईत दिसली. कडेवर पोरगी, शेजारी सासू, गळ्याशी काळंनिळं. मी मुकाट वांग्यांकडे तोंड केलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो बाई, माझी साडी तुमच्याकडंच हाय ना? आजच नेते."

"कुठली गं साडी?" सासू.

"हिरवी," मी ठोकून दिलं. "फॉल-पिको झालंय. दुकान इथंच आहे."

"पिकोला काय घेता?"

तोंडाला येईल तो आकडा सांगितला. "लुटता का काय!" म्हणून सासू वांगी निवडायला वळली. सून "आलेच" म्हणाली आणि पोरीला घेऊन माझ्यामागून चालू लागली. त्या दिवसानंतर तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

राहायची सोय झाली, कोर्ट झालं, तिला काम लागलं. मग तिचं येणं थांबलं. थांबायलाच हवं होतं म्हणा, पण मला तिची फार आठवण यायची.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा मंडईत ती समोरून आली. पोरगी तिच्या खांद्याला लागली होती. मी सवयीनं वांग्यांकडे वळले. एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. ती जाईना.

"ताई, किती येळ वांगी बघणार?" ती म्हणाली. "आता ओळख दाखवा की. आता कुणी मारत नाय मला."