देवाच्या जागेत हळदीचे फोटो

मैत्रिणींनो, आज माझ्याच काटकसरीने मला कोंडीत पकडलं.

सुनेचं काम घरून चालतं, म्हणून आमच्या कर्जतच्या घरात एक सर्व्हर आहे. त्याच्या डिस्कचे तिने वाटे केलेत, त्यांना लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. एक तिच्या कामाचा, एक घरच्या फोटोंचा, एक आमच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगचा. थोडी जागा तिने मुद्दाम मोकळी सोडली होती, पुढे ज्याला लागेल त्याला द्यायला. ती नुसती पडून राहिलेली मला बघवेना. मागे लागून मी ती सगळी भजनाला द्यायला लावली.

आज लेकीच्या लग्नाचे फोटो आले आणि मावेनात! फोटोवाल्याला त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड तर आजच परत हवं.

"भजनातली थोडी काढून घे गं."

"आई, हा वाटा वाढवता येतो, कमी नाही करता येत."

बरोबरच आहे. देवाला दिलेलं परत घेतात होय?

"मग फोटोच भजनात ठेवू, तिथे जागाच जागा आहे," सून म्हणाली. मी मान डोलावणार, तेवढ्यात हळदीची रात्र उघडली. मटणाची पातेली, आणि डोक्यावर बाटली ठेवून नाचणारे आमचे हे!

"अगं, देवाच्या शेजारी हे?"

"मग हळदीचे पुसू?"

"पूस," म्हणणारच होते. पण पुढच्या फोटोत लेक मला हाताला धरून नाचवत होती आणि मी चक्क खदखदून हसत होते.

सुनेला म्हटलं, जा, नवी डिस्क घेऊन ये. ती जोडली की घरच्या फोटोंचा वाटा वाढतो म्हणे.

खरं सांगा, तुम्ही पुसला असता तो फोटो?