जखम मांडीला होती

अण्णा, माझा थोरला भाऊ, बिदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्रे उचलायच्या कामाला होता. एका दुपारी थप्पी घसरली आणि पत्र्याची धार त्याच्या मांडीत गेली. सोबत काम करणाऱ्या दोस्तानं जखमेवर रुमाल बांधला, रिक्षात घातलं आणि तो झोपी जाऊ नये म्हणून दवाखान्यापर्यंत त्याला ताठ बसवून आणलं. वाटेतच अण्णाची मान कलंडली.

मी आणि माय आमच्या राजेश्वर गावाहून पोचलो तेव्हा त्याला रक्त चढत होतं. डॉक्टरीणबाई कानडीत सांगत होत्या, मी मायला मराठीत. शीर शिवलीय, पण बराच वेळ मेंदूला रक्त पोचलेलं नाही. आता रक्ताचा दाब पडू द्यायचा नाही, ताप चढू द्यायचा नाही, म्हणून झोपवून ठेवलंय.

"लागलं मांडीला, मग डोक्याला कामून भ्यायलेत?" मायनं विचारलं.

"रक्त कमी पडलं की वर चढत नाही," बाई म्हणाल्या. "आडवं निजवून आणायला पाहिजे होतं."

दोस्त आमच्या मागंच उभा होता. कानडी त्याला माझ्याहून चांगली येते.

अण्णा जागा झाला, "माय" म्हणाला. पुढं भिंतीला खेटून चाललाही. माय रडत हसली. मग मी चहाचा कप पुढं केला आणि त्याचा हात उठेना. दुसराही उठेना. बोटं हलत होती, खांदे मेलेले. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, तसं मेंदूच्या त्या भागाचं झालं, असं बाईंनी सांगितलं.

घरी आणल्यावर दोस्त आला. उंबऱ्यातच थांबला. "जयभीम अक्का," मला म्हणाला आणि खाली बसून हुंदके देऊ लागला. "मीच बसवलं त्याला. म्या आडवा टाकलो असतो तर..."

"गप रे," अण्णा म्हणाला. "मीच तुला म्हनलो की बसव म्हणून. ध्यानात न्हाई का?"

"तू म्हनलास?"

"व्हय."

त्या दुपारचं अण्णाला काहीच आठवत नव्हतं. पत्रासुद्धा नाही. आदल्याच दिवशी मला तसं म्हणाला होता. मी पाणी आणायला आत गेले.

दोस्त अजून येतो, त्याची दाढी करून देतो. अण्णाचा एक हात आता पोटापर्यंत येतो, शर्टाची खालची गुंडी लागते. भाकर मीच चारते. कारखान्यानं त्याच्या जागी दुसरा गडी घेतलाय.