ग्रंथपालांनी खोडलेली ओळ

प्रसादाला करतात तसा उजवा हात पुढं करायचा आणि म्हणायचं, "आधार द्या." आमच्या शेजारच्या ग्रंथपालांची ही सवय. उद्या नळाला पाणी येणार म्हणा, अमक्याच्या घरात बिनसलंय म्हणा, हात पुढं. बायको एकदा "दूध नासलं" म्हणाली, तर तिच्यापुढंही केला. तिनं पातेलंच हातावर ठेवलं.

येडशीच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश धरला. त्यात कुणीही लिहू शकतं आणि दुसरं कुणीही ते खोडू शकतं. गावाच्या पानावर मी एकदा मोठ्या उमेदीनं लिहिलं, की इथले शेंगोळे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. इथले म्हणजे माझे. बारा मिनिटांत ओळ गायब. संध्याकाळी ग्रंथपाल भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, शेंगोळे झकास असतेत. पण आधार न्हाय, कुठं छापून आलं न्हाय." मी दिलेली वाटी मात्र चाटूनपुसून परत आली.

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये पुण्याच्या काही पोरांनी स्टीमपंकचा मेळावा भरवला, तेव्हा ग्रंथपाल खुलले. स्टीमपंक म्हणजे काय, ते मला त्यांनीच सांगितलं. वीज आलीच नाही, जग वाफेवरच चाललंय, असं धरून नटायचं. पितळी चष्मे, उंच टोप्या, अंगावर घड्याळाची चाकं. माझ्या सासूबाई त्यांना बहुरूपी समजून सुपात ज्वारी घेऊन निघाल्या होत्या. त्यांना अडवायला मीच धावले, आणि मग फोटो काढायला थांबलेही.

ज्ञानकोशात मेळाव्याचं पान ग्रंथपालांनी केलं. तीन पेपरांची कात्रणं, तेवढीच वाक्यं. आयोजकानं 'आशियातला सर्वात मोठा' असं घातलं, ते त्यांनी काढलं. गावातल्या कुणी 'परदेशी थेरं' असं घातलं, तेही काढलं. आयोजकाचा फोन आला, "काका, तुम्ही गावचेच ना? मग जरा चांगलं लिहा की."

"चांगलं न्हाय आन् वाईट न्हाय," ग्रंथपाल म्हणाले. "छापलंय तेवढं."

दुसऱ्या वर्षी जिनिंगचा जुना बॉयलर पेटवायचं ठरलं. पेटवायला बोलावलं ग्रंथपालांच्या दाजींना, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, सुभद्राच्या, मालकांना. त्यांची हयात त्याच बॉयलरपुढं गेली होती. वाफेच्या दाबाचा काटा चढत गेला तसे दाजी म्हणाले, "बास. विझवतो आता." आयोजक म्हणाला, "पाच मिनिटं काका, फोटो होऊ द्या." ग्रंथपाल दहा पावलांवर उभे होते. वाफेची नळी फुटली. चौथ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात दाजी गेले.

पेपरात आलं, मेळावा उत्साहात पार पडला. आतल्या पानावर दोन ओळी होत्या, भाजलेल्या वृद्धाचा मृत्यू. कुठं भाजला, कशानं, काही नाही. आयोजकांनी गावात सांगून टाकलं, की म्हातारा कुणी सांगितलं नसताना बॉयलरजवळ गेला.

दिवसपाणी उरकल्यावर सुभद्रा भावाकडं आली. मी चहा घेऊन गेले होते, तिथंच बसले.

"दादा, तुझ्या त्या कोशात लिव की. ह्यांनी विझवतो म्हणलं हुतं, एवढंच लिव."

"आधार न्हाय, सुभे."

"तू हुतास न्हवं तिथं?"

"माझं डोळं त्यात चालत न्हाईत. आन् मी तुझा भाऊ. मी लिवलेलं कोण मानंल?"

"लोक म्हणतेत, म्हातारा आपल्या चुकीनं मेला. तू बस तुझी कात्रणं चिकटवत."

चहा तसाच ठेवून ती गेली.

मला राहवलं नाही. घरी येऊन मीच ती ओळ घातली. तासाभरात निघाली. कुणी काढली ते पाहायची गरज नव्हती. मी भिंतीशी जाऊन विचारलं, "तुम्ही भाऊ का वैरी?" ते म्हणाले, "वहिनी, तुमचं ऱ्हाऊ दिलं, तर त्यांचं 'आशियातला मोठा' कुठल्या तोंडानं काढू?"

महिनाभर मी त्यांच्याकडं शेंगोळे पाठवले नाहीत. एवढीच माझी ताकद.

पण ते गप्प बसले नव्हते. धाराशिवच्या वार्ताहरांकडं खेटे घातले. कुणी म्हणालं, बातमी शिळी झाली. पोलीस म्हणाले, पंचनामा काय छापायला असतो का. प्रत्येक दारात तो हात पुढं होत होता, आणि आता त्यावर कुणी काही ठेवत नव्हतं. वर्ष उलटत आलं तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका साप्ताहिकाचा संपादक म्हणाला, "तुम्हीच लिहून द्या, छापतो." ग्रंथपालांनी आठ दिवस घेतले. पहिलंच वाक्य होतं, 'मयत माझे दाजी होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.'

अंक आला, तेव्हा ग्रंथपालांना जाऊन नऊ दिवस झाले होते. झोपेतच गेले.

मी ओळ पुन्हा घातली, या वेळी अंकाचा आधार देऊन. दहाव्याला सुभद्रा आली होती, तिला मोबाईलवर दाखवली. तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "दादानं लिवलं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती काढली. कारण दिलं होतं, 'मृताच्या नातेवाइकाचे लेखन. तटस्थ नाही.' मला संताप यायला हवा होता. पण ग्रंथपाल असते तर त्यांनीही हेच कारण लिहिलं असतं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. 'आशियातला सर्वात मोठा' मात्र आता पानावर आहे. ते काढायला कुणी नाही.

राखी पुनवेला सुभद्रा आली. आदल्या वर्षी आली नव्हती. भावाच्या फोटोच्या खिळ्याला राखी बांधली आणि पदर सावरत म्हणाली, "आता बाजारात कुणी ह्यांच्याबद्दल काय बोललं, की म्या म्हणते, जा, कोशात बघा." मग माझ्याकडं वळली. "हाय न्हवं वैनी तिथं अजून?"

मी "हाय" म्हणाले.